कॉर्नियाची सूज आणि ऑक्सिजन: तुमच्याकडून सारखे येणारे प्रश्न

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे आणि दिवसातला बराचसा वेळ डोळ्याच्या पुढच्या भागाचे स्कॅन काढण्यात जातो. लेन्स वापरणारे, त्यांचे आईवडील आणि ऑप्टोमेट्री शिकणारी मुलं यांच्याकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून सगळे इथे एका जागी लिहिलेत. आधी आलेलं परत लिहिलं नाही, तिथे फक्त प्रश्नाचा नंबर दिलाय. डोळा लाल झालाय, दुखतोय, उजेड सहन होत नाहीये असं असेल तर बाकीचं सोडा, आधी प्रश्न ११ वाचा.

१. कॉर्नियाला ऑक्सिजन मिळतो कुठून? रक्तातूनच ना?

नाही. कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा आणि त्यात रक्तवाहिन्याच नसतात, असत्या तर त्यातून आरपार दिसलंच नसतं. डोळा उघडा असताना ऑक्सिजन थेट हवेतून अश्रूंच्या थरात विरघळतो आणि तिथून आत जातो, समुद्रसपाटीला हा दाब साधारण १५५ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. डोळा मिटला की हवा बंद. मग पापणीच्या आतल्या बाजूच्या बारीक रक्तवाहिन्यांवर भागवावं लागतं, आणि दाब ५५ ते ६० वर येतो, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. सगळ्यात आतल्या पेशींना डोळ्यातल्या पाण्यातूनही (म्हणजे अश्रू नव्हे, कॉर्नियाच्या मागे भरलेला द्रव) थोडा मिळतो, पण पुढच्या भागाचं सगळं हवेवर चालतं. लेन्स लावली की ती याच वाटेत आडवी येते.

२. ऑक्सिजन कमी झाला तर सूज का येते? हवेचा आणि पाण्याचा काय संबंध?

हे नीट समजलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कॉर्नियाच्या जाडीचा नव्वद टक्के भाग म्हणजे स्ट्रोमा, कोलॅजनच्या बारीक धाग्यांचे एकावर एक थर आणि त्यांच्यामध्ये पाणी खेचणारे रेणू. तो मुळातच साबुदाण्यासारखा आहे, पाणी मिळालं की फुगायलाच बसलाय. त्याला फुगू देत नाही तो एंडोथेलियम, म्हणजे सगळ्यात आतला पेशींचा एकच थर, जेमतेम ५ मायक्रॉन जाड. हा थर पंपासारखा आत झिरपलेलं पाणी सतत बाहेर काढत असतो. जेवढं झिरपतं तेवढंच बाहेर जातं म्हणून जाडी कायम राहते.

आता ऑक्सिजन कमी पडला की सगळ्यात बाहेरचा थर, एपिथेलियम, ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज जाळायला लागतो आणि त्यातून लॅक्टेट तयार होतं. त्या लॅक्टेटला पुढून बाहेर पडायला वाट नाही, कारण एपिथेलियमच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, मग ते मागे स्ट्रोमात साठतं आणि तिथून हळूहळू डोळ्यातल्या पाण्यात जातं. साठलेलं लॅक्टेट स्वतःकडे पाणी ओढतं, काढण्यापेक्षा येणं जास्त होतं, आणि स्ट्रोमा फुगतो. स्टीफन क्लाइस यांनी १९८१ मध्ये सशांच्या कॉर्नियावर हे व्यवस्थित दाखवलं. त्याच्या आधी बऱ्याच जणांना वाटायचं की ऑक्सिजन नसल्यामुळे पंपच बंद पडतो, पण खरी गोष्ट अशी की पंप बऱ्यापैकी चालू असतो, त्याच्यावर काम जास्त येऊन पडतं.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. कुठलंही मशीन ऑक्सिजनची कमतरता दाखवत नाही. मशीन दाखवतं ते जास्तीचं पाणी. ते का आलं हे आपल्याला बाकीच्या माहितीवरून ठरवावं लागतं.

३. सूज म्हणजे नक्की किती? डोळा मोठा दिसतो का?

पापणी सुजते तसं काही दिसत नाही. मधोमध कॉर्नियाची जाडी सरासरी ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. सूज आपण टक्क्यात सांगतो. समजा रात्री झोपताना ५४० होती आणि उठल्या उठल्या ५६२ भरली, तर २२ मायक्रॉन वाढली, म्हणजे ४ टक्के सूज. आणि हे अगदी नॉर्मल आहे बरं का, लेन्स न लावता झोपणाऱ्या निरोगी माणसाचाही कॉर्निया सकाळी ३-४ टक्के जाड असतो.

वाढ होते ती जवळजवळ सगळी मागच्या दिशेने. स्ट्रोमाच्या पुढच्या भागात धागे एकमेकांत गुंतलेले असतात, तो भाग हटत नाही, मागचा भाग मोकळा असतो म्हणून तो डोळ्याच्या आत सरकतो. त्यामुळे पुढचा बाक फारसा बदलत नाही, आणि कितीही निरखून पाहिलं तरी सूज बाहेरून कळत नाही.

४. मोबाईलने क्लोज-अप फोटो काढून पाठवला तर सांगाल का सूज आहे की नाही?

नाही सांगू शकत, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. कॉर्निया पारदर्शक राहतो कारण कोलॅजनचे धागे एकसारख्या जाडीचे आणि ठरावीक अंतरावर असतात, त्यामुळे विखुरलेला प्रकाश एकमेकांना काटतो आणि सरळ जाणारा तेवढा उरतो. डेव्हिड मॉरिस यांनी १९५७ मध्ये हे मांडलं. थोडं पाणी शिरलं तरी ही रचना टिकते. पाणी वाढत गेलं की धाग्यांच्या मध्ये छोटी तळी तयार होतात, अंतरं बिघडतात आणि मगच धूसरपणा येतो. म्हणजे जाडी आधी वाढते, पांढरेपणा खूप नंतर येतो. फोटोत दिसेल एवढा धूसरपणा आला असेल तर सूज फार पुढे गेलेली असते, तेव्हा मेसेज करत बसायचं नसतं.

फोटोत एक गोष्ट मात्र कधीकधी कळते, बुबुळाच्या कडेला गोल लाली किंवा कडेवरून आत येणाऱ्या लाल बारीक रेषा. तो बरेच दिवस ऑक्सिजन कमी पडल्याचा परिणाम असू शकतो. दिसलं तर दाखवून घ्या.

५. मग डॉक्टर स्लिट लॅम्पवर नुसतं बघून कसं सांगतात?

स्लिट लॅम्प म्हणजे हनुवटी टेकवून बसायचं आणि समोरून प्रकाशाची पातळ उभी पट्टी डोळ्यात येते ते मशीन. पट्टी तिरकी टाकली की कॉर्नियाचा उभा छेद दिसतो, पुढची चकचकीत कड, मध्ये राखाडी स्ट्रोमा, मागची कड. सूज साधारण ५-६ टक्क्यांवर गेली की स्ट्रोमाच्या मागच्या भागात अगदी बारीक, पांढुरक्या, उभ्या रेषा दिसायला लागतात, त्यांना स्ट्राये म्हणतात. पहिल्या पहिल्यांदा त्या चटकन सुटतात नजरेतून, मोठं करून, पट्टी अजून बारीक करून, हळूहळू एका बाजूकडून दुसरीकडे न्यावी लागते. सूज ८-१० टक्क्यांच्या आसपास पोचली की मागच्या पृष्ठभागाला घड्या पडतात, आणि पेशींवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशात बघितलं तर त्या काळ्या रेघांसारख्या दिसतात. त्याच्याही वर गेली की सगळाच भाग दुधाळ होतो.

विद्यार्थ्यांना सांगते, स्ट्राये दिसल्या नाहीत म्हणजे सूज नाही असं केस पेपरवर लिहू नका. ४ टक्क्यांपर्यंत स्लिट लॅम्प काहीच दाखवत नाही, तिथे मोजणीच लागते. आणि मधुमेह किंवा केराटोकोनसमध्येही (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो तो आजार) मागे उभ्या रेषा दिसू शकतात, त्या सगळ्याच ऑक्सिजनच्या नसतात.

६. जाडी मोजायची मशीन किती प्रकारची? माझ्या डोळ्याला टोचणार का काही?

टोचत काहीच नाही. अल्ट्रासाऊंड पॅकिमीटरमध्ये पेनासारखा प्रोब कॉर्नियाला हलकेच टेकवतात, त्याआधी बधिर करणारा थेंब घालतात, आवाजाची लाट जाऊन परत यायला किती वेळ लागला त्यावरून जाडी काढतात. स्वस्त आहे, सगळीकडे आहे, पण प्रोब जरा तिरका लागला किंवा मध्यापासून सरकला की आकडा वाढतो.

शाईमफ्लुग कॅमेऱ्याचं मशीन, आपल्याकडे बरेच जण सरळ पेंटाकॅमच म्हणतात, न टेकवता गोल फिरत फोटो काढतं आणि पूर्ण कॉर्नियाचा नकाशा देतं. त्यात प्रकाश किती विखुरतोय हेही मोजता येतं, म्हणजे धूसरपणाला आकडा मिळतो. ओसीटीचं वेगळं लिहिलंय, प्रश्न ८ बघा. स्पेक्युलर मायक्रोस्कोप आतल्या पेशींचा फोटो काढता काढता जाडीही देतं, प्रश्न १२. कॉन्फोकल मायक्रोस्कोपमध्ये एकेक पेशी दिसते, पण डोळ्याला टेकवावं लागतं आणि एका वेळी फार छोटा भाग दिसतो, रोजच्या कामासाठी नाही.

७. एका ठिकाणी ५३२ आली, दुसऱ्या ठिकाणी ५५१. खरं कुठलं?

बहुतेक दोन्ही खरे, पण त्यांची वजाबाकी करायची नाही. प्रत्येक मशीन आपापल्या गृहीतावर चालतं, अल्ट्रासाऊंड आवाजाचा ठरावीक वेग धरतं, प्रकाशावर चालणारी मशीन ठरावीक अपवर्तनांक धरतात, कडा कुठे धरायच्या तेही वेगळं, कोणी अश्रूंचा थर मोजतं कोणी नाही. १५-२० मायक्रॉनचा फरक मशीनचाच असू शकतो, आणि रात्रीची नैसर्गिक सूजही तेवढीच असते. म्हणजे दोन मशीनचे आकडे एकमेकांतून वजा केले तर नसलेली सूज सापडेल नाहीतर असलेली गायब होईल.

तुलना करायची ती त्याच डोळ्याची, त्याच मशीनवर, आणि वेळ लिहून. रिपोर्टवर वेळ छापलेली असते, ती कापून फोटो पाठवू नका प्लीज. उठून किती वेळ झाला आणि लेन्स कधी काढली हे पण लिहा. या दोन ओळी नसतील तर सूज आहे का या प्रश्नाला तुमच्या ५५१ चा मला काही उपयोग नाही, खरंच.

८. ओसीटीवर सूज कशी दिसते? मला रिपोर्टमध्ये नुसत्या राखाडी पट्ट्या दिसल्या.

त्या राखाडी पट्ट्याच कॉर्निया आहे. ओसीटी म्हणजे प्रकाशाच्या परावर्तनावरून काढलेला आडवा छेद. डोळ्याच्या पुढच्या भागाचं ओसीटी १९९४ मध्ये पहिल्यांदा केलं गेलं, सुरुवातीच्या मशीनला १८-२० मायक्रॉनपेक्षा बारीक दिसत नव्हतं, आताच्या स्पेक्ट्रल डोमेन मशीनला ५ मायक्रॉनच्या आसपास दिसतं. त्यामुळे एपिथेलियम वेगळा आणि स्ट्रोमा वेगळा मोजता येतो, आणि ऑक्सिजनच्या बाबतीत हीच मोठी सोय आहे, कारण सूज मुख्यतः स्ट्रोमाला येते.

स्कॅन समोर आला की मी वरून खाली येते. वरची उजळ रेघ अश्रू आणि एपिथेलियमची, तिच्याखाली साधारण ५० मायक्रॉनची जरा गडद पट्टी म्हणजे एपिथेलियम, मग बोमनचा थर, मग रुंद राखाडी स्ट्रोमा, आणि तळाला उजळ बारीक रेघ. सूज असेल तर राखाडी भाग रुंद होतो, सूज बरीच असेल तर ती खालची रेघ गुळगुळीत न राहता नागमोडी होते, त्याच प्रश्न ५ मधल्या घड्या. नकाशात बघाल तर मध्ये सूज जास्त आणि कडेला कमी, कारण कडेला कॉर्निया डोळ्याच्या पांढऱ्या भागाला पक्का बांधलेला आहे.

विद्यार्थ्यांसाठी एक बारकावा: ओसीटी प्रकाशाने कापलेलं अंतर मोजतं आणि त्याला १.३७६ किंवा तत्सम अपवर्तनांकाने भागतं. पाणी शिरलं की खरा अपवर्तनांक किंचित उतरतो, म्हणून खूप सुजलेल्या कॉर्नियात जाडी थोडी कमी दाखवली जाते. ४-५ टक्के सुजेत हे सोडून दिलं तरी चालतं.

९. माणसाच्या डोळ्याचा ऑक्सिजन मुद्दाम तोडून प्रयोग करतात म्हणे, खरं का?

खरं आहे, आणि नियम पाळून केलं तर सुरक्षित आहे. १९५२ मध्ये स्मेल्सर आणि ओझानिक्स यांनी लोकांना हवाबंद गॉगल घालून त्यात नायट्रोजन सोडला, आणि थोड्या वेळाने त्यांना दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली. कॉर्निया हवेतल्या ऑक्सिजनवर जगतो हे त्यातून पक्कं झालं. तशी कडी दिसणं लेन्स वापरणाऱ्यांनाही ओळखीचं होतं, पण लोक दोष द्यायचे लेन्सच्या दाबाला नाहीतर लेन्सखाली घालायच्या पाण्याला.

पुढे प्रश्न आला की किमान किती ऑक्सिजन लागतो. १९७० मध्ये पोल्स आणि मँडेल यांनी ११ ते १९ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब पुरतो असं काढलं, म्हणजे हवेच्या तुलनेत फारच थोडा. १९८४ मध्ये ब्रायन होल्डन आणि सहकाऱ्यांनी सिडनीत गॉगलमध्ये वेगवेगळं मिश्रण सोडून, जास्त बारकाईने मोजून, किमान १०.१ टक्के ऑक्सिजन लागतोच असं सांगितलं, म्हणजे साधारण ७४ मिलिमीटर. एवढा फरक कसा? बऱ्याच अंशी मोजण्याचा. बारीक सूज पकडता आली तसा उंबरठा वर गेला. मला हा या विषयातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग वाटतो.

आजकाल जाड, ऑक्सिजन न जाऊ देणारी लेन्स लावून डोळा दोन-तीन तास मिटून ठेवतात, मग लेन्स काढून ठरावीक मिनिटांनी जाडी मोजत राहतात. सूज किती वेगाने उतरते त्यावरून एंडोथेलियमची ताकद कळते, वय वाढतं तसा हा वेग मंदावतो. दुसरा डोळा तुलनेला ठेवतात, पण त्यातही गोम आहे, एका डोळ्यात लेन्स लावून झोपलं तर दुसऱ्या, बिनलेन्सच्या डोळ्याची सूजही थोडी बदललेली आढळली आहे. म्हणून चांगल्या प्रयोगात लेन्सशिवायच्या रात्रीचंही माप घेतात.

१०. लेन्सच्या डब्यावर डीके बाय टी लिहिलंय, किती असावं?

डीके म्हणजे त्या प्लास्टिकमधून ऑक्सिजन किती सहज जातो, टी म्हणजे लेन्सची जाडी, एकाला दुसऱ्याने भागलं की प्रत्यक्ष किती पोचेल ते कळतं. होल्डन आणि मर्ट्झ यांनी १९८४ मध्ये ठरवलं की दिवसा सूज येऊ नये म्हणून २४ आणि रात्री ४ टक्क्यांच्या आत राहावी म्हणून ८७ हवं. १९९९ मध्ये हार्विट आणि बोनॅनो यांनी परत हिशेब करून ३५ आणि १२५ सांगितलं. जुनी कडक पीएमएमए लेन्स जवळजवळ शून्य, ती हलायची म्हणून तिच्याखालचे अश्रू बदलायचे आणि त्यावर निभायचं. सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स १९९० च्या दशकाच्या शेवटी आल्या आणि खूप फरक पडला, त्यातल्या कित्येक शंभराच्या वर आहेत.

डब्यावरचा आकडा बहुतेक मायनस ३ नंबरच्या लेन्सच्या मध्यबिंदूचा असतो. तुमचा नंबर मायनस ९ असेल तर कड जाड असते, प्लस असेल तर मध्य जाड, सिलिंडरच्या लेन्समध्ये खालचा भाग जाड. तिथे खरा आकडा कमीच भरणार. म्हणून मोठा नंबर असलेल्यांनी डब्यावर विसंबू नये, कडेची लाली तपासून घ्यावी.

११. रात्री लेन्स काढायची राहिली, सकाळी धुरकट दिसतंय. तपासणीला लगेच येऊ का दुपारी?

आधी हे बघा: दुखतंय, लाल झालंय, उजेड सहन होत नाही, घाण येतेय, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय, यातलं एकही असेल तर लेन्स काढा, परत लावू नका, आणि त्याच दिवशी, शक्य तेवढ्या लवकर नेत्रतज्ज्ञांकडे जा. लेन्स आणि डबी फेकू नका, बरोबर न्या. हा जंतुसंसर्ग असू शकतो, आणि लेन्स लावून झोपल्याने त्याचा धोका बराच वाढतो. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने थेंब आणून घालू नका, स्टेरॉइड असलेले तर अजिबात नाही.

यातलं काहीच नाही, फक्त धुरकट आहे, दिव्याभोवती कडी दिसतात, तर लेन्स काढा आणि चष्मा लावा. बिनलेन्सची रात्रीची सूज उठल्यावर एक-दोन तासांत उतरते, जुन्या पद्धतीच्या हायड्रोजेल लेन्समध्ये झोपलात तर सूज १०-१२ टक्क्यांपर्यंत गेलेली असू शकते आणि उतरायला तीन-चार तास लागतात. सूज मोजून हवी असेल तर उठल्या उठल्याच यायला लागेल, दुपारी चारला आलात तर आकडा चांगलाच येणार आणि तुम्ही म्हणाल काही झालंच नव्हतं. दुपारपर्यंतही धुरकट राहिलं तर मात्र ती साधी सूज नाही, दाखवाच.

१२. माझ्या रिपोर्टमध्ये पेशी लहानमोठ्या आहेत असं लिहिलंय. सुजेमुळे का?

स्पेक्युलर फोटोत एंडोथेलियमच्या षटकोनी पेशी एकमेकींना चिकटलेल्या दिसतात, मोठ्या माणसात दर चौरस मिलिमीटरला अंदाजे २,५०० ते ३,०००. वर्षानुवर्षं कमी ऑक्सिजनच्या लेन्स वापरल्या की काही पेशी मोठ्या, काही छोट्या होतात, षटकोनी आकार बिघडतो. संख्या फारशी कमी होत नाही, पण हा बदल लेन्स सोडल्यावरही पूर्ण जात नाही, निदान लवकर तरी नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी सर्जनला हे सांगून ठेवा.

याच फोटोत काळे डागही दिसू शकतात, लेन्स लावल्यावर काही मिनिटांतच येतात आणि थोड्या वेळात कमी होतात. पेशी मेल्या असं नसतं ते, पेशी तात्पुरत्या फुगून मागे झुकतात आणि प्रकाश कॅमेऱ्याकडे परत येत नाही. म्हणून लेन्स नुकतीच लावली किंवा काढली असेल तर फोटो काढणाऱ्याला तसं सांगा.

१३. लेन्स बंद केल्या तरी मायक्रोसिस्ट वाढले असं डॉक्टर म्हणाले. उलटं कसं?

उलटं नाही. मायक्रोसिस्ट म्हणजे एपिथेलियमच्या खोल थरात अडकलेले पेशींचे अवशेष, रात्रंदिवस लेन्स वापरणाऱ्यांमध्ये दोन-तीन महिन्यांनी दिसायला लागतात. ऑक्सिजन परत मिळाला की मंदावलेलं पेशींचं काम जोरात सुरू होतं आणि अडकलेलं सगळं वर यायला लागतं, म्हणून पहिले काही दिवस ते जास्त दिसतात. दोन-तीन महिन्यांत जातात. घाबरून परत लेन्स सुरू करू नका.

१४. माझी जाडी ५९० आहे, म्हणजे सुजलाय का कॉर्निया?

नुसत्या आकड्यावरून नाही सांगता येत. काहींचा कॉर्निया जन्मतःच ५९० असतो आणि एकदम ठणठणीत असतो. उलट ज्याचा मूळचा ५०० आहे त्याचा ५३५ भरला तर तो ७ टक्के सुजलाय, आणि रिपोर्टवर मात्र हिरव्या रंगात नॉर्मल येणार. हे वाईट आहे, कारण लोक हिरवा रंग बघून निर्धास्त होतात. म्हणून पहिल्यांदा लेन्स घेताना, डोळा चांगला असताना, जाडी मोजून कागद जपून ठेवा. पुढे कधी शंका आली तर तोच कागद कामाला येतो.

१५. मी लेन्स वापरतच नाही, तरी रोज सकाळी धूसर दिसतं आणि अकरापर्यंत साफ होतं. ऑक्सिजनच कमी पडतोय ना?

तुमचं वय चाळिशी-पन्नाशीच्या पुढे असेल तर आधी फ्युक्स डिस्ट्रॉफी आहे का ते बघायला हवं. त्यात एंडोथेलियमच हळूहळू कमी होतो. रात्री ऑक्सिजन सगळ्यांनाच कमी मिळतो आणि मिटल्या डोळ्यातून पाण्याची वाफही होत नाही, चांगला पंप ते सांभाळून घेतो, थकलेला नाही घेऊ शकत. स्पेक्युलरमध्ये पेशींच्या मध्ये काळे गोल ठिपके दिसतात, आणि पेंटाकॅमच्या नकाशात जाडीच्या रेषा गोल राहत नाहीत, सगळ्यात पातळ जागा सरकलेली असते, मागच्या पृष्ठभागावर खड्डा दिसतो. ऑक्सिजनच्या सुजेत असं वेडंवाकडं सहसा नसतं.

अजून एक खूण: दोन्ही डोळ्यांत सारखीच लेन्स आहे आणि सूज एकाच डोळ्याला आलीये, तर लेन्सला दोष देऊन थांबू नका. नागिणीच्या जातीच्या विषाणूचा त्रास किंवा आतली सूज असू शकते.

१६. सूज उतरवायला मिठाचे थेंब मिळतात, ते घालू का?

५ टक्के मिठाचे थेंब एपिथेलियममधलं पाणी ओढतात, फ्युक्समध्ये सकाळी त्यांचा उपयोग होतो. स्ट्रोमातल्या सुजेवर फारसा नाही. लेन्समुळे सूज असेल तर औषध एकच, लेन्स काढणं. थेंब घालून लेन्स चालू ठेवणं चूक आहे.

१७. लॅसिकच्या आधी लेन्स बंद करायला का सांगतात? लग्न तोंडावर आलंय.

कारण सुजलेला कॉर्निया जाड भरतो, आणि ऑपरेशननंतर किती जाडी उरेल हा हिशेब त्याच आकड्यावर असतो. प्रत्यक्षात नसलेली जाडी धरून लेसर केलं तर नंतर कॉर्निया कमकुवत पडू शकतो. शिवाय लेन्सने आकारही बदललेला असतो. सॉफ्ट लेन्स निदान एक-दोन आठवडे आणि सेमी-सॉफ्ट त्याहून जास्त बंद ठेवायला सांगतात, आकडे दोन वेळा सारखे आले की मगच पुढे. लग्नाच्या तारखेसाठी हे दिवस कमी करू नका.

१८. डोळ्याचं प्रेशर सूज असताना मोजलं तर चुकतं का?

चुकू शकतं, आणि दोन्ही बाजूंनी. निरोगी पण जाड कॉर्निया प्रेशर जास्त दाखवतो, थोडी सूज असतानाही बऱ्याचदा तसंच. पण सूज खूप असेल तर कॉर्निया मऊ पडतो आणि प्रेशर खऱ्यापेक्षा कमी येतं. काचबिंदूच्या पेशंटने लेन्स काढल्या काढल्या प्रेशर तपासून घेऊ नये.

१९. लेह-लडाखला जातोय, लेन्स चालतील का? आणि विमानात?

विमानात केबिनचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीइतका असतो, तेवढ्याने सूज येत नाही, डोळे चुरचुरतात ते कोरड्या हवेने. कळसूबाई तर १,६४६ मीटर, काहीच प्रश्न नाही.

लेहला, ३,५०० मीटरवर, हवेतला ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास, म्हणजे १०० मिलिमीटर. उघड्या डोळ्याला हा प्रश्न ९ मधल्या ७४ च्या वर आहे, पण वर लेन्स असेल तर हात आखडता होतो. खारदुंग ला ५,३५९ मीटर, तिथे ८० च्या घरात. एव्हरेस्टच्या माथ्यावर तो ५३ वर येतो, म्हणजे तिथे उघडा डोळासुद्धा समुद्रसपाटीला मिटलेल्या डोळ्यासारखाच, आणि तंबूत डोळा मिटल्यावर रक्तातच ऑक्सिजन कमी म्हणून अजून कमी. लेहला जाताना जास्त डीके बाय टीच्या रोज बदलायच्या लेन्स न्या, रात्री काढाच, आणि चष्मा बॅगेत नको, खिशात हवा.

२०. १९९० च्या सुमाराला चष्म्याचा नंबर काढला होता, ब्लेडने चिरे देऊन. आता ट्रेकला जातोय, काही वेगळं?

हो, आणि तुम्ही विचारलंत ते बरं झालं. त्याला रेडियल केराटॉटॉमी म्हणतात. चिरे दिलेला कॉर्निया सगळीकडे सारखा फुगत नाही, चिऱ्यांच्या आसपास जास्त फुगतो, त्यामुळे मधला भाग सपाट होतो आणि नंबर प्लसकडे सरकतो. मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर गिर्यारोहक बेक वेदर्स यांची दृष्टी याच कारणाने गेली आणि त्यांना वाटेतच थांबावं लागलं. दाब कमी झाल्याने असं होतं की ऑक्सिजन कमी झाल्याने, हेही नंतर तपासलं गेलं, समुद्रसपाटीला गॉगलमधून ऑक्सिजन काढून घेतला तरी तसाच बदल झाला. एका दिवसाच्या उंचीने फारसं कळणार नाही, पण मुक्काम असेल तर वेगवेगळ्या प्लस नंबरचे चष्मे बरोबर ठेवा, आणि सोबतच्या माणसाला सांगून ठेवा. लॅसिकवाल्यांना इतका त्रास होत नाही.

२१. मुलगी ऑर्थो-के लेन्स रात्री लावते, सकाळी जाडी कमी भरली. मग सूज नाहीच ना?

असं समजू नका. त्या लेन्सने मधला एपिथेलियम पातळ होतो, त्यावरच तर नंबर उतरतो. एपिथेलियम १० मायक्रॉन कमी आणि स्ट्रोमा ८ मायक्रॉन जास्त झाला तर एकूण आकडा दोनने कमी दिसेल आणि सूज लपेल. इथे नुसता पॅकिमीटर पुरत नाही, दोन्ही थर वेगळे दाखवणारं ओसीटी करून घ्या.

२२. केराटोकोनससाठी स्क्लेरल लेन्स आहे. तिच्याखाली पाणी भरलेलं असतं, मग ऑक्सिजन पोचतो कसा?

लेन्स आणि पाण्याचा थर दोन्ही पार करून पोचतो, म्हणून दोन्ही पातळ हवेत. चांगल्या मटेरियलची, नीट बसवलेली लेन्स दिवसभर लावली तर सूज बहुधा रात्रीच्या नैसर्गिक सुजेपेक्षाही कमी राहते. पण पाण्याचा थर ३००-४०० मायक्रॉन ठेवला असेल किंवा लेन्स लावून दुपारी डोळा लागला तर हिशेब बिघडतो. ओसीटीने लेन्स डोळ्यात असतानाच लेन्स, पाणी आणि कॉर्निया तिन्ही एका फोटोत मोजता येतात, दर तपासणीला तो फोटो मागा. कॉर्नियाचं कलम झालेलं असेल तर अजून जपून, कारण कलमातल्या पेशी आधीच कमी असतात.

आणि केराटोकोनसमध्ये एका डोळ्याला अचानक पांढरट सूज येऊन दिसेनासं झालं तर तो ऑक्सिजनचा प्रकार नाही, मागचा डेसेमेटचा थर फाटून पाणी आत शिरलेलं असतं. लेन्स काढा आणि त्याच दिवशी दाखवा.